मांजर चावलं, हात सुजला, आता भाची म्हणते जंतूचा जीनोम वाचू. सही करू का?

सूरसागरकाठ (धागाकर्ता) · २ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज उजवा हात गळ्यात आणि डाव्याने एकेक अक्षर टाकतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर गेल्या महिन्यात चिंगी (घरची, पाच वर्षांची, अतिलाडावलेली) आणि गल्लीतला एक पिवळा बोका यांची जुंपली. मी सोडवायला मध्ये हात घातला. दोघांपैकी कोणीतरी अंगठ्याच्या मुळाशी कचकन चावलं. कोण, ते त्या गोंधळात दिसलं नाही. भोकं दोनच, मोहरीएवढी. रक्त थेंबभर. नळाखाली जरासं धुतलं, घरात मागच्या कुठल्याशा दुखण्यातलं सेफॅलेक्सिनचं पाकीट उरलं होतं, त्यातली एक गोळी घेतली आणि झोपलो. पहाटे चारला जाग आली तर हात सेव-उसळीतल्या पावासारखा फुगलेला, ठणका कोपरापर्यंत.

पुढचं थोडक्यात: दोन दिवस दवाखान्यात, हात उघडून धुतला, शिरेतून औषधं, रेबीजची इंजेक्शनं. पू तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला 'पाश्चुरेला मल्टोसिडा'.

आता मुद्दा. माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. तिने तो जंतू प्रयोगशाळेतून मागून घेतलाय आणि म्हणते, मामा, याचा अख्खा जीनोम (म्हणजे डीएनएमधला सगळा मजकूर, अक्षर न् अक्षर) वाचू या, तुम्ही फक्त संमतिपत्रावर सही करा. शिवाय चिंगीच्या तोंडातला नमुना हवाय, आणि जमलं तर बोक्याच्याही. चार पानी संमतिपत्र आहे. यातून निघणार काय? माझा स्वतःचा डीएनए पण वाचला जाणार का? आणि हे नक्की कोणाच्या उपयोगाचं?

घरात दोन तट आहेत. बायकोचं म्हणणं, उगाच चिंगीचं नाव खराब होईल. माझा संशय पहिल्यापासून बोक्यावर.

---

मावशी_मांजलपूर · २ सप्टेंबर, रात्री १०:०५

अहो भाऊ, आमच्या लहानपणी कुत्रं-मांजर चावलं की आजी चुना नाहीतर लाल तिखट दाबून भरायची. दोन दिवस बोंबललो की बरे व्हायचो. जीनोम वगैरे तेव्हा नव्हतं. काळजी घ्या, चिंगीला ओरडू नका, मुकं जनावर आहे.

---

कोठीवरचा_डॉक्टर · २ सप्टेंबर, रात्री ११:१२

मावशी, तुमच्या आजींबद्दल आदर राखून सांगतो, तिखट आणि चुना अजूनही येतो आमच्याकडे. जखमेत भरलेला. तो आधी खरवडून काढावा लागतो आणि तेवढ्यात जखम आणखी चिघळते. कृपा करून कोणी भरू नका.

धागाकर्ते, तुम्ही 'जरासं धुतलं' लिहिलंय तिथेच घोडं अडलं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूसाठी हा पहिला उपचार, आणि जंतूंसाठीही. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम, त्यात लशीबरोबर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरायचं असतं. ते दिलं असेलच. त्वचेत द्यायच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. अठ्ठाविसावा दिवस लोक विसरतात, तुम्ही विसरू नका. चावणारी चिंगी असो की बोका, लस चुकत नाही.

दुसरं म्हणजे ते सेफॅलेक्सिन. पाश्चुरेलावर त्याचा जोर फार कमी पडतो, एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनचंही तेच. चाव्यासाठी आम्ही सहसा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतो. हा जंतू साध्या पेनिसिलिनलाही बहुधा दबतो. म्हणजे कपाटातली गोळी घेण्याऐवजी रात्रीच दवाखाना गाठला असता तर हात कदाचित उघडावा लागला नसता. रागावत नाही, सांगतोय.

कुत्रा फाडतो, मांजर टोचतं. मांजराचा सुळा सुईसारखा, जंतू पार सांध्यापर्यंत नेऊन ठेवतो आणि वरचं भोक सकाळपर्यंत मिटतं. म्हणून मोहरीएवढी जखम फसवी. १९९९ साली अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून चाव्याच्या चिघळलेल्या जखमा तपासल्या गेल्या, ५० कुत्र्यांच्या आणि ५७ मांजरांच्या. पाश्चुरेला निम्म्या कुत्र्यांच्या जखमांत आणि मांजरांच्या पाऊण जखमांत सापडला. एकेका जखमेत साधारण पाच प्रकारचे जंतू. मांजराच्या चाव्यात सूज सुरू व्हायला मधल्या मापाने १२ तास, कुत्र्याच्या २४. तुमची पहाटेची चार वाजताची जाग पुस्तकी आहे.

जीनोमबद्दल बोलायला इथे माझ्याहून शहाणे लोक आहेत. माझं एवढंच मत: रुग्णासाठी त्याची गरज नव्हती.

---

पेट्रीडिश · ३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

डॉक्टरांशी ९०% सहमत. उरलेल्या दहासाठी हा प्रतिसाद.

मी बडोद्याचीच, सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, आता पुण्यात असते. पाश्चुरेला प्रयोगशाळेत ओळखायला गोड आहे. रक्त घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) राखाडी, ओलसर वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके. मॅककॉन्की नावाच्या दुसऱ्या जेलीच्या बशीत उगवतच नाही. रंगवून बघितला तर दोन्ही टोकं गडद आणि मधे फिका, मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा. आणि एक वास, उंदरांच्या पिंजऱ्याजवळ येतो तसा. आमच्या बाई नाकानेच ओळखायच्या. (नाक बशीजवळ नेऊ नये, असं त्याच बाई शिकवायच्या.)

म्हणजे नाव कळायला जीनोम लागत नाही. दोन दिवसांत बशीवर कळतं. मग जीनोम कशाला? नाव कळल्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात म्हणून. हा मल्टोसिडा कुठल्या घराण्यातला? तुमच्या मांजराचाच की गल्लीतल्या? त्याच्याकडे औषधाला तोंड देणारे जीन आहेत का, आणि ते त्याचे पिढीजात की कुणाकडून उसने घेतलेले? बशी हे सांगू शकत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तुमचा डीएनए वाचला जाणार नाही, जर भाची बशीवर वाढवलेला जंतू वाचणार असेल तर. एक वसाहत उचलून पुन्हा पुन्हा वाढवली की तुमची पेशी त्यात उरत नाही. पण थेट पुवातला सगळा डीएनए वाचणार असतील तर गोष्ट वेगळी. पुवात तुमच्या पांढऱ्या पेशी गच्च असतात, वाचलेल्या अक्षरांतली बहुतेक तुमचीच निघतात. मग ती गाळून टाकतात का आणि कुठे ठेवतात, हे संमतिपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे. तिसरं पान बघा.

---

रावपुरा_रिटर्न्स · ३ सप्टेंबर, सकाळी ९:०२

मला एक कळत नाही. हात बरा झाला, औषध लागू पडलं, जंतू मेला. आता मेलेल्या जंतूची कुंडली मांडून काय मिळणार? त्या पैशात रेबीजच्या किती लशी येतील? पीएचडी भाचीची होणार, हात काकांचा गेला होता.

---

गोठेवाला · ३ सप्टेंबर, दुपारी १:१५

रावपुरा, हा 'मेलेला जंतू' आमच्या धंद्यात दर पावसाळ्यात जिवंत होतो.

मी गुरांचा डॉक्टर, आणंदला शिकलो. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी गुरांना घटसर्पाची लस टोचतात ना, इकडे ज्याला गळसूंढो म्हणतात? गळा सुजतो, घरघर लागते, म्हैस एका दिवसात जाते. तो घटसर्प म्हणजे हाच पाश्चुरेला मल्टोसिडा. कोंबड्यांचा कॉलरा? हाच. डुकराचं नाक वाकडं करणारा? तोही हाच, पण त्याच्याजवळ एक विषाचा जीन जास्तीचा असतो. २०१५ च्या मे महिन्यात कझाकस्तानात सायगा हरणं काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेली, तिथेही हाच होता. तो आधीपासून त्यांच्या अंगातच मुकाट राहत होता, ऊन-दमटपणा वाढल्यावर उलटला असं म्हणतात.

मग काकांच्या चिंगीच्या तोंडात तो आयुष्यभर बसतो आणि चिंगीला काही होत नाही, हे कसं? कातडं वेगळं असतं. या जंतूच्या अंगावर साखरेचं वेष्टण असतं, त्याचे ए, बी, डी, ई, एफ असे पाच प्रकार. आपल्याकडच्या म्हशींचा घटसर्प बी प्रकारचा. मांजरातले बहुतेक ए. पूर्वी हे ठरवायला ससे-कोंबड्यांतून बनवलेले सिरम लागायचे, महिनोन्महिने रखडायचं. आता जीनोम हातात असला की वेष्टणाचे जीन बघायचे, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी मांडतात कुंडली.

---

इतिहासाचा_किडा · ३ सप्टेंबर, दुपारी ३:४०

अवांतर, पण राहवत नाही.

पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चरवरून. त्याने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केलं तो हाच जंतू, आणि ६ जुलै १८८५ ला जोसेफ मेस्टर नावाच्या पोराला कुत्रं चावल्यावर पहिली रेबीज लस दिली तोही पाश्चरच. म्हणजे काकांच्या अंगठ्यात एकाच भोकातून त्याच्या नावाचा जंतू गेला आणि दंडात त्याच्या हयातीतल्या शोधाची लस.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाचा एक जंतू आहे, स्पिरिलम मायनस. जपानीत त्या तापाला सोडोकू म्हणतात, 'सो' म्हणजे उंदीर, 'डोकू' म्हणजे विष, रविवारच्या पुरवणीतल्या कोड्याशी संबंध नाही. तो उंदराच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला १८८० च्या दशकात, मुंबईत, व्हॅनडाइक कार्टरने. शरीररचनेच्या त्या जगप्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाची चित्रं काढणारा हाच. मधली काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता.

---

पेट्रीडिश · ३ सप्टेंबर, दुपारी ४:०५

@किडा, यातली गंमत अशी की तो स्पिरिलम आजही कृत्रिम अन्नावर कोणाला वाढवता आलेला नाही. जो बशीत वाढत नाही त्याला 'पुन्हा पुन्हा वाढवून' वाचता येत नाही. अशा जंतूसाठी थेट नमुन्यातला डीएनए वाचणं हाच रस्ता. उंदीरचाव्याचा दुसरा जंतू, स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस, नखरेल आहे पण वाढतो, त्याचा जीनोम २००९ मध्येच पूर्ण वाचला गेला.

---

स्ट्रिंगबिंग · ३ सप्टेंबर, रात्री ८:५०

बंगळुरूहून. मी बशी कधी हातात धरलेली नाही, माझ्याकडे फक्त फायली येतात. तर फायलीच्या बाजूने.

काका, तुमच्या जंतूचा जीनोम साधारण साडेबावीस लाख अक्षरांचा, एका वर्तुळात बांधलेला, त्यात दोन हजारांच्या आसपास जीन. मल्टोसिडाचा पहिला जीनोम २००१ साली आला, कोंबड्यांच्या कॉलऱ्यातला, पीएम७० नावाचा: २२,५७,४८७ अक्षरं. त्याच्या कुळातला हीमोफिलस इन्फ्लुएन्झी तर १९९५ मध्ये, स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवांत सर्वांत पहिला वाचलेला जीनोम तोच, १८,३०,१३७ अक्षरं. तुमचा जंतू खानदानी आहे.

वाचतात कसं? समजा एकाच दिवसाच्या वर्तमानपत्राच्या शंभर प्रती रद्दीवाल्याने यंत्रात घालून फाडल्या. प्रत्येक चिंधीवर दीडशे अक्षरं. प्रती वेगवेगळ्या जागी फाटल्यात, त्यामुळे एका चिंधीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळतो. तसं जुळवत जुळवत अख्खा अंक उभा करायचा. अडचण येते ती जाहिरातींची. एकच जाहिरात सहा पानांवर छापली असेल तर तिची चिंधी कुठल्या पानावरची? जंतूतही असे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे असतात, तिथे जुळणी तुटते. मग लांब चिंध्या देणारं यंत्र वापरतात, नॅनोपोर. सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढला जातो, प्रत्येक अक्षर जाताना विजेचा प्रवाह जरा बदलतो, तो बदल वाचायचा. यंत्र मुठीत मावतं. पूर्वी त्याच्या चुका फार असायच्या, आता बऱ्याच कमी झाल्यात.

बोका की चिंगी, हे ठरवायचं तर तिन्ही जीनोम एकमेकांवर ठेवून कुठे कुठे अक्षर बदललंय ते मोजायचं. एकाच तोंडातून नुकताच आलेला असेल तर फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. वेगळ्या घराण्यातला असेल तर हजारोंनी.

मला वैयक्तिक उत्सुकता: बोक्याच्या तोंडात बोळा कोण घालणार?

---

फतेहगंजची · ४ सप्टेंबर, सकाळी ६:५५

रात्रभर हा धागा वाचून झोप उडाली. माझ्या भावाची प्लीहा (स्प्लीन) स्कूटर अपघातानंतर काढलीय, आठ वर्षं झाली. त्याच्याकडे दोन कुत्री, तोंडाला तोंड लावून बसतो. त्याला काही धोका आहे का? डॉक्टर सांगाल का?

---

कोठीवरचा_डॉक्टर · ४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

आहे, आणि बरं झालं विचारलंत.

कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस. लॅटिनमध्ये कॅनिस म्हणजे कुत्रा, मॉर्सस म्हणजे चावा. निरोगी कुत्र्यांच्या लाळेत असतो. तुम्हा-आम्हाला बहुतेक काही करत नाही. पण प्लीहा नसलेल्या, फार दारू पिणाऱ्या किंवा यकृत खराब झालेल्या माणसाच्या रक्तात शिरला तर दोन-चार दिवसांत बोटं काळी पडणं, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. चावा लागतोच असं नाही, फुटलेल्या कातडीवर चाटलं तरी पुरतं.

भावाला सांगा: कुत्री सोडायची नाहीत, पण चावा किंवा जखमेवर चाटणं झालं तर ताप येण्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना, आणि पहिलं वाक्य 'मला प्लीहा नाही'. ते एक वाक्य सगळ्या तपासण्यांहून लवकर काम करतं. त्याच्या न्यूमोकोकस वगैरेच्या लशी झाल्यात का तेही विचारा.

---

पेट्रीडिश · ४ सप्टेंबर, सकाळी १०:४५

याच जंतूपाशी माझं आणि डॉक्टरांचं जमतं. तो आळशी आहे. कार्बन डायऑक्साइड लागतो, बशीवर दिसायला दिवसच्या दिवस जातात, साध्या प्रयोगशाळेत 'वाढ नाही' असा रिपोर्ट जाऊ शकतो. १९७६ मध्ये पहिला रुग्ण नोंदला, तेव्हा त्याला धड नावही नव्हतं, अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) त्याला नुसतं डीएफ-२ म्हटलं होतं. सध्याचं नाव १९८९ चं. आणि २०१६ मध्ये कळलं की कुत्र्यांच्या तोंडात मिळणारे काही कॅनिमॉर्सस मुळात कॅनिमॉर्सस नाहीतच. वेगळी जात निघाली, कॅप्नोसायटोफागा कॅनिस. बशीवर जुळी भावंडं, जीनोममध्ये मात्र घरं वेगळी. (ढोबळ नियम: दोन जीनोम सरासरी ९५% च्या खाली जुळले तर जात वेगळी.)

कुत्रे पाळणाऱ्यांसाठी आणखी एक. स्टॅफिलोकोकस स्युडइंटरमीडियस. कुत्र्याच्या कातडीवर राहतो, रक्तद्रव गोठवण्याच्या चाचणीत त्याच्याच कुळातल्या नेहमीच्या स्टॅफिलोकोकस ऑरियससारखाच वागतो, म्हणून चाव्यातल्या जखमेत सापडला की रिपोर्टवर बिनधास्त 'ऑरियस' लिहिलं जायचं. जात म्हणून ओळखलाच २००५ मध्ये. माणसाच्या जखमांत तो किती वर्षं दुसऱ्याच्या नावावर वावरला कोण जाणे.

---

मगरमित्र · ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

बडोद्याचा धागा आणि मगर नाही? २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात विश्वामित्रीतून मगरी रस्त्यावर आल्या तेव्हा आम्ही स्वयंसेवक रात्रंदिवस पळत होतो. मगरीच्या चाव्यातही हाच पाश्चुरेला असतो का? आमच्यातल्या एकाला पिल्लू चावलं होतं, त्याला कुत्र्याच्या चाव्याचीच गोळी दिली होती, जखम तीन आठवडे वाहत होती.

---

पेट्रीडिश · ४ सप्टेंबर, रात्री ११:१०

सुंदर प्रश्न. नाही. मगरीचं तोंड म्हणजे नदीच. तिथे एरोमोनास हा पाण्यातला जंतू जास्त, सोबत प्रोटियस, स्युडोमोनास. एरोमोनास हायड्रोफिलाच्या गुणसूत्रातच अ‍ॅम्पिसिलिन तोडणारे जीन असतात, जन्मजात, म्हणून कुत्र्या-मांजराच्या चाव्याची गोळी तिथे लंगडी पडू शकते. वाहणाऱ्या जखमेचं हेच कारण होतं असं मी इथून म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना 'मगर' आणि 'नदीचं पाणी' हे दोन शब्द आधी सांगा.

या एरोमोनासचा जीनोम मांजराच्या जंतूच्या दुप्पट, ४७ लाख अक्षरं, २००६ मध्ये वाचला. नदीत राहायचं तर बोचकं मोठं लागतं, चिंगीच्या गरम तोंडात आयतं खाणाऱ्याला थोडक्यात भागतं. आणि इथेही नावांचा घोळ: हायड्रोफिला म्हणून नोंदलेले अनेक जंतू जीनोम वाचल्यावर एरोमोनास ढाकेन्सिस निघाले. ढाक्याच्या मुलांच्या जुलाबातून ओळखलेला.

जळवा लावणारे वैद्य वाचत असतील तर, जळवेच्या पोटातही एरोमोनासच असतो.

---

रावपुरा_रिटर्न्स · ५ सप्टेंबर, सकाळी ९:४०

बरं, मी अर्धा पटलो. पण एक सांगा पेट्रीडिशताई, जीनोममधून औषध कळतं म्हणता, ते बशीवर औषधाच्या टिकल्या ठेवून दुसऱ्या दिवशी कळतंच की. स्वस्तात.

---

पेट्रीडिश · ५ सप्टेंबर, सकाळी १०:०२

हो. आणि एका रुग्णासाठी आजही टिकल्याच बऱ्या. जीन दिसला म्हणजे तो काम करतोच असं नाही, आणि नाही दिसला म्हणजे जंतू दबेलच असंही नाही.

टिकली जे सांगत नाही ते सामानाचं. गुरांमधल्या मल्टोसिडात एक तुकडा सापडलाय, ८२ हजार अक्षरांचा, त्यावर औषधांना तोंड देणारे १२ जीन एकत्र बांधलेले, आणि तो अख्खा तुकडा एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारू शकतो. गोठ्यातली ती बॅग उद्या घरच्या मांजरापर्यंत आली तर टिकली म्हणेल 'औषध चालत नाही'. बॅग कुठून आली ते जीनोम सांगेल. मल्टोसिडाचे आजवर वाचलेले जीनोम बहुतेक कोंबड्या, डुकरं आणि गुरांचे. माणसाच्या जखमेतले थोडे. म्हणून काकांच्या सहीला किंमत आहे.

---

सूरसागरकाठ · ५ सप्टेंबर, रात्री ९:१५

तिसरं पान वाचलं. 'फक्त वाढवलेल्या जंतूचा डीएनए. रुग्णाचा डीएनए आढळल्यास गाळून नष्ट केला जाईल. सार्वजनिक कोशात रुग्णाचं नाव, वय, पत्ता जाणार नाही.' संस्थेच्या नैतिकता समितीचा शिक्का आहे. सही केली, डाव्या हाताने. भाची म्हणाली, मामा, ही सही बँकेत चालणार नाही, इथे चालेल.

चिंगीच्या तोंडात बोळा घातला. बायकोने धरली, भाचीने घातला, मी दाराआड होतो. बोका सापडत नाहीये.

---

मावशी_मांजलपूर · ६ सप्टेंबर, सकाळी ७:१०

सापडेल. दूध ठेवा.

---

सूरसागरकाठ · २९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मंडळी, धागा वर काढतोय. निकाल आला.

बोका दुधाने नाही, नसबंदीवाल्यांच्या पिंजऱ्याने सापडला. तो गुंगीत असताना तिथल्या डॉक्टरांनी बोळा फिरवून दिला, त्यांचे आभार. नमुने कुरिअरने गेले, सात आठवडे लागले. त्यातले पाच नुसते रांगेत, असं भाची म्हणते.

माझ्या अंगठ्यातला जंतू मल्टोसिडा, वेष्टण ए. गोठेवाला यांचा अंदाज बरोबर. औषधांना तोंड देणारा ओळखीचा एकही जीन नाही, डुकरांवाला विषाचा जीन नाही. चिंगीच्या तोंडातून तीन वसाहती उचलल्या होत्या. त्यातल्या दोन आणि माझा जंतू, यांच्यात तीन अक्षरांचा फरक. साडेबावीस लाखांत तीन. बोक्याचा जंतूही मल्टोसिडाच, पण फरक हजारोंनी.

आपलेच दात, आपलेच ओठ.

घरात शांतता पसरली. चिंगी सोफ्यावर पंजा चाटत होती.

---

स्ट्रिंगबिंग · २९ ऑक्टोबर, रात्री ८:४४

तीन!! सुंदर. आणि चिंगीची तिसरी वसाहत?

---

सूरसागरकाठ · २९ ऑक्टोबर, रात्री ९:००

ती तिसऱ्याच घराण्यातली. भाची म्हणते एका तोंडात दोन-दोन बिऱ्हाडं असतात.

---

पेट्रीडिश · ३० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

अभिनंदन, आणि एक मिठाचा खडा. बोक्याच्या किती वसाहती वाचल्या? एकच असेल तर त्याच्या तोंडातलं दुसरं बिऱ्हाड तुम्ही पाहिलेलंच नाही. शिवाय ही दोघं गच्चीवर नेहमी भांडत असतील तर चिंगीचा जंतू मुळात बोक्याचा, किंवा उलटही असू शकेल. निकालाचं वजन चिंगीकडे झुकतं, पण फाशी देण्याइतकं नाही.

---

सूरसागरकाठ · ३० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

एकच वाचली होती. हा प्रतिसाद बायकोला दाखवायला नको होता. चिंगी पुराव्याअभावी निर्दोष सुटली असून सकाळी तिला जास्तीचं दूध मिळालं.

शेवटची माहिती. जीनोम सार्वजनिक कोशात चढवताना अर्ज भरावा लागतो. यजमान: माणूस. स्रोत: हाताची जखम. गाव: बडोदा. वाणाचं नाव काय द्यायचं ते आपल्या हातात असतं. मी 'चिंगी-१' सुचवलं, घरातून ते नामंजूर झालं. शेवटी दांडिया बाजारावरून 'दांबा-१' गेलं.

---

रावपुरा_रिटर्न्स · ३० ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आणि बोका?

---

सूरसागरकाठ · ३० ऑक्टोबर, सकाळी ८:४१

तो गच्चीवर आहे. मी खाली आहे.